निर्यात

बिलावर छापून येतं: निर्यात, एकशे अठ्ठेचाळीस.
बत्तीस वर्षं दूध संस्थेची सचिव होते मी,
निर्यात हा शब्द आमच्याकडं पावडरीला लागायचा,
बोटीनं जाणाऱ्या.
आता फुलेवाडीतल्या माझ्या गच्चीवरून
ऊन निर्यात होतं.
कुठं जातं, म्हणून वायरमन इंगवलेला विचारलं.
म्हणाला, मावशी, वीज आळशी असते,
लांब कशाला जाईल?
पलीकडं मुल्लांच्या मिक्सरात जाते.

म्हणजे आठ फूट.
आठ फुटांत तिचा दर चढतो.

मला हे कळत नाही असं नाही.
घालणाऱ्याचा दर वेगळा, पिशवीचा वेगळा,
मधला फरक मीच सांगायची डेअरीच्या ओट्यावर:
टँकर, बर्फ, पगार, नासलेलं.
पण आम्ही निदान फॅट बघायचो.
म्हशीच्या दुधाला म्हशीचा दर होता.
इथं दुपारची वीज आणि सात वाजताची वीज
एकाच तारेतून येतात
आणि एकमेकींना ओळख देत नाहीत.
दुपारची दुपारीच फिटते.
उरलेली मार्चअखेर घेतात,
रद्दीवाला घेतो तशी,
उपकार केल्यागत.

आमच्या घरात सूर्याचा हिशोब जुना.
दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं आम्ही,
साडेसहाला ताटं घासून पालथी.
तरी महाग तास चुकत नाहीत.

भाच्यानं, श्रेणिकनं, गाडी घेतली,
वीज पिणारी, आणि मागितली तर परत देणारी.
मामी, म्हणाला, दुपारी तुमच्या गच्चीवर पाजायची,
रात्री पिळायची.
मला लगेच कळलं.
गंगावेशीत रात्री म्हशी उभ्या असतात,
समोर धार काढून देतात, तसंच की.

ऑफिसात गेलो. साहेब भला माणूस,
अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला.
गाडीला वीज द्यायचा दर आहे, म्हणाला,
गाडीकडून घ्यायचा रकाना नाही.
हिला काय धरू? ग्राहक? जनित्र?
मी म्हटलं, म्हैस धरा.
त्याला वाटलं मी चेष्टा करते.
अर्ज मार्गदर्शनासाठी वर गेला.
अजून वरच आहे.

पंचगंगा चढली तेव्हा लाईन बंद केली.
आमची गल्ली उंचावर, पाणी दोन वळणं खाली थांबलं.
सकाळी लख्ख ऊन, पॅनेलं तापलेली,
आणि इन्व्हर्टर गप्प.
खांबावर कुणी काम करत असेल, त्याचा जीव जाऊ नये,
म्हणून तोही बंद पडतो. नियम आहे.
चांगला नियम आहे.
इंगवले तिकडं कमरेएवढ्या पाण्यात होता.

मुल्लांच्या घरात हाजीसाहेबांचं ऑक्सिजनचं यंत्र.
जुलेखा खिडकीत आली. काही बोलली नाही.
श्रेणिकनं गाडी भिंतीला घासून लावली
आणि वायर खिडकीतून खिडकीत गेली.
तीच आठ फूट.
एकोणीस तास.

पाणी उतरल्यावर ती विचारायला आली, किती द्यायचे?
मी वही काढली, सवय.
पावणेसात युनिट.
माझ्या दरानं, का तिच्या?
विकायचा परवाना मला नाही,
फुकट म्हणावं तर ती मान खाली घालणार.
शेवटी म्हटलं, आमचा स्टीलचा डबा आहे ना गं तुझ्याकडं,
फराळाचा? तेवढा आणून दे.

डबा रिकामा परत करायचा नसतो,
हे मी तिला कशाला सांगू.
दुसऱ्या दिवशी आली, दुधातल्या शेवया घेऊन,
साडेपाचला.
दिवस मावळायच्या आत.

या महिन्याचं बिल आलंय. निर्यात, एकशे बारा.
ती पावणेसात त्यात कुठंच नाहीत.
माझ्या वहीत आहेत:
नावे, पावणेसात.
जमा, शेवया.
शेरा: फॅट चांगली लागली.